जावयाने दुरुस्त केलेला लॅपटॉप

आमच्या घरात जावयाने दुरुस्त केलेली वस्तू बिघडत नाही. बिघडली तरी तसं म्हणायचं नसतं. मोरीतला नळ जावयाने बसवला, तेव्हापासून तो उलटा फिरतो. उघडायचा तर बंद करायचा तसा पिळावा लागतो. सगळं घर तसंच पिळतं. नवीन पाहुणा आला की मोरीतून ओरडतो, मग आतून कोणीतरी सांगतं, उलटा फिरवा.

जावई रोह्याला असतात. कंपनीत मशीनच्या वायरी बघायचं काम करतात. धोंड्याच्या महिन्यात माझ्या लेकीला घेऊन पेणला रामवाडीत आमच्याकडे आले, अनारसे खाल्ले, कपडे घेतले आणि जाता जाता माझ्या मुलाचा लॅपटॉप दुरुस्त करून गेले. मुलगा शाळेत मास्तर आहे. त्याच्या लॅपटॉपचं वायफाय गेलं होतं. जावयांनी तो उलटा घालून उघडला, पिशवीतून आणलेलं काहीतरी आत बसवलं, आणि वायफाय सुरू झालं. माझ्या मुलाने त्यांचं इतकं कौतुक केलं की मला वाटलं आता पुन्हा अनारसे तळायला लागतात की काय.

त्यानंतर माझ्या नातीला, म्हणजे याच मुलाच्या मुलीला, स्थळ आलं. आणलं जावयांनीच. मुलगा आखातात नोकरीला, त्याची आई नागोठण्याकडची. मुलाला सुट्टी नाही म्हणून पहिली बोलणी मोबाईलवर झाली. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मध्येच तो आडवा झाला आणि पाहुण्यांना बराच वेळ आमचं छत दिसलं. मी खुर्चीत बसून मान हलवत होते. मला कानाने कमी ऐकू येतं, आणि मोबाईलमधलं तर काहीच नाही.

आपल्याकडे आधी मोठी माणसं बोलतात आणि मुलीला शेवटी नमस्काराला बोलावतात. त्यामुळे नातीनेही काही ऐकलं नाही. ती पेणमध्येच रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि ते काम तिला सोडायचं नाही. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की नोकरीबद्दल काय ठरलं. तिने बापाला विचारलं. तो म्हणाला, त्यांची काही हरकत नाही. सुनेला विचारलं. ती म्हणाली, पुढचं पुढे बघू म्हणाल्या. रोह्याला फोन करून आत्याच्या नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, माणसं चांगली आहेत.

रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी तू ऐक."

"मला बहिरीला सांगतेस?"

"बाबांना जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तू तरी मशीन लावशील."

मशीन म्हणजे कानातलं. नातीनेच पगारातून घेऊन दिलेलं. ते तिच्या मोबाईलला वायरीशिवाय जोडलं की आवाज थेट माझ्या कानात येतो. त्याला ब्लूटूथ म्हणतात. लॅपटॉपलाही ते जोडता येतं असं तिचं म्हणणं. पुढचं बोलणं रविवारी होतं आणि मोबाईलवर करायचं नाही असं माझ्या मुलाने ठरवलं होतं. पुन्हा पाहुण्यांना छत दाखवायची त्याची तयारी नव्हती.

नातीने लॅपटॉप उघडला. वायफाय चालू होतं, पण ब्लूटूथचं बटण कुठे दिसेना. बंद होतं असं नाही. नव्हतंच.

मुलगा म्हणाला, वायफाय चालतंय म्हणजे लॅपटॉप ठीक आहे. त्याने तो बंद करून चालू केला. मग चार्जर काढून बटण दाबून धरलं. मग अपडेट लावलं, ते सगळी संध्याकाळ गोल फिरत होतं. त्याच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी फोनवरून उपाय सांगितला, विमानाचं चित्र दाबा आणि सोडा. दाबलं, सोडलं. सुनेने मोबाईलवर एका माणसाचा हिंदी व्हिडिओ लावला, तो म्हणाला घाबरायचं नाही. घाबरलं कोणीच नव्हतं. बटण मात्र आलं नाही.

शेवटी नातीने वाचून काढलं. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या पट्टीवर असतात. पट्टी बदलली आणि नवीन पट्टी नुसती वायफायची असली, तर वायफाय चालतं आणि ब्लूटूथ नसतं.

हे तिने वाचून दाखवलं तेव्हा घरात कोणी कोणाकडे बघेना.

"पट्टी कोणी बदलली असेल?" मी विचारलं.

"आई, तुम्ही चहा घेता?" सून म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं की हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बंद-चालू, विमान, हिंदी माणूस, हे सगळे उपाय एवढ्याचसाठी की जावयांना फोन करावा लागू नये. आपण विचारायचं आणि त्यांना वाटायचं की सासरचे चूक काढतायत. त्यात स्थळही त्यांनीच आणलेलं.

मी नातीच्या मोबाईलवरून रोह्याला फोन लावायला सांगितला.

"जावईबापू, लॅपटॉपात काय घातलंत?"

"का हो मामी? वायफाय चालत नाय काय?"

"वायफाय चालतंय. ब्लूटूथ नाय."

"ते तेव्हा कोणी मागितलंच नव्हतं."

"खरं आहे. पण आधी होतं."

मग ते म्हणाले, "घरात जुना लॅपटॉप पडला होता, त्यातली पट्टी घातली. फुकट केलं ते."

"म्हणूनच तर कोणी विचारत नव्हतं," मी म्हटलं.

तासाभराने लेकीचा फोन आला. मला नाही, सुनेला. "वहिनी, आई काय बोलली गो ह्यांना? जेवले नाय." सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, रात्री कमी जेवलेलं चांगलं.

रविवारी सकाळी जावई रोह्याहून गाडीने आले. कोणाशी बोलले नाहीत. खिशातून ब्लूटूथचं नखाएवढं एक बटण काढून लॅपटॉपच्या कडेला खोचलं, काहीतरी दाबलं आणि माझ्या कानात एक बाई इंग्रजीत बोलली.

"आला आवाज, मामी?"

"आला."

मग ते हसले, मग चहा घेतला. मुलगा म्हणाला, याला म्हणतात अनुभव. पुढे काही तपासून बघितलं नाही. जावयाच्या कामाची कोणी परीक्षा घेतं का?

दुपारी सगळे लॅपटॉपसमोर बसलो. नात आत थांबली. पडद्यावर एका चौकटीत मुलगा आला, दुसऱ्या चौकटीत त्याची आई. ती नमस्कार म्हणाली. मला अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू आलं. माझा मुलगा मात्र पुढे वाकला आणि म्हणाला, आवाज येत नाही. सुनेलाही येत नव्हता. जावयांनाही नाही. कानातलं जोडलं की लॅपटॉप बाहेर काही बोलत नाही, सगळं कानातच ओततो, हे तेव्हा कळलं.

जावई बटण काढायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

"असू दे. मला येतोय."

पाहुण्यांसमोर सासूच्या हातातून हात ओढून घेता येत नाही. ते बसले. माझा मुलगा चेहऱ्यावर हसू ठेवून मान हलवू लागला. मी गेल्या वेळी हलवली तशीच.

मुलाची आई बोलत होती. हवापाणी झालं, मुलाची सुट्टी झाली. मग म्हणाली, "मागच्या वेळी पाहुणे बोलले तसं, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडणार, म्हणून आम्ही पुढे बोलतोय. ते नक्की ना?"

पाहुणे म्हणजे माझा मुलगा. तो जोरात मान हलवत होता.

"नोकरी सोडायची नाय," मी म्हटलं.

माझ्या मुलाची मान थांबली. माझं बोलणं त्याला ऐकू येत होतं, तिचं नाही.

"पण पाहुणे तर आताही व्हय म्हणतायत," ती म्हणाली.

"त्यांना ऐकू येत नाय," मी म्हटलं.

"आई, काय विचारलं त्यांनी?" मुलगा दातांवर दात ठेवून म्हणाला. अजून हसतच होता.

मी त्याला उत्तर दिलं नाही. पडद्यावरच्या मुलाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही तिकडे, ती इकडे. दिवसभर तिने करायचं काय?"

मुलगा दिसायला बरा होता. त्याने तोंड उघडलं, पण त्याची आईच बोलली. म्हणाली, घर आहे, मी आहे, करायला पुष्कळ आहे. मुलाने तोंड मिटलं. मग ती म्हणाली, कळवतो, आणि दोन्ही चौकटी काळ्या झाल्या. नातीला नमस्काराला बोलवायचं राहून गेलं.

जावयांनी बटण उपटून खिशात घातलं. "एवढ्या लांबून आणलेलं स्थळ," ते म्हणाले. माझा मुलगा उठून ओटीवर गेला. सून म्हणाली, आई, जरा गोड बोलला असता तर. मी म्हटलं, गोड तुम्ही बोललात मागच्या वेळी.

नात आतून आली आणि माझ्यासमोर खाली बसली. मी तिला सगळं शब्दाला शब्द सांगितलं, बापाची मानही सांगितली. ती हसली नाही.

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाय. तोंड उघडलं आणि मिटलं."

"मिटलं?"

"व्हय."

ती थोडा वेळ चटईच्या काड्या ओढत बसली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "आई, उद्या डबा लवकर दे. लॅबची चावी माझ्याकडे आहे."