इन्स्पेक्टरसाहेबांची प्रॉम्प्टर

सिनेमाच्या सेटवर प्रॉम्प्टर नसतो. पहिल्याच दिवशी त्या तरुण दिग्दर्शकाने मला हे अगदी समजुतीने सांगितलं. "आंटी, इथे रीटेक असतो ना. सर चुकले तर परत घेऊ. नो टेन्शन." मी म्हटलं, "तुमच्याकडे रीटेक आहे, आमच्याकडे मी आहे. दोन्ही असू द्या." आणि खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर आठवीचे वर्ग सांभाळलेल्या बाईला 'नो टेन्शन' सांगणारा अजून जन्माला यायचाय.

मी बसले होते ती आमच्या हौशी नाट्यसंस्थेतल्या एका ज्येष्ठ नटासाठी. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. दिवसा बँक, संध्याकाळी तालीम, यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी बाप केले, मामा केले, गावचे पाटील केले. नायक कधी वाट्याला आला नाही, कारण उंची कमी आणि पोट पुढे. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन. त्यांची प्रत्येक भूमिका मला त्यांच्याइतकीच पाठ असायची.

पासष्टी ओलांडल्यावर त्याच पोटाने त्यांना सिनेमा मिळवून दिला. दिग्दर्शकाला गुन्हे शाखेतला, निवृत्तीला टेकलेला लाचखाऊ इन्स्पेक्टर हवा होता. गोष्ट अशी, की मार्केट यार्डात एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा खून होतो. तपास करणारा हा गृहस्थ प्रत्येक संशयिताकडून पैसे खातो आणि प्रत्येकाला सांगतो, तुला सोडतो, दुसऱ्याला अडकवतो. शेवटी कोणाला काय थाप मारली हे त्याचं त्यालाच आठवेनासं होतं. प्रेक्षकाने पोट धरून हसावं आणि मग आपण कशाला हसलो म्हणून गप्प बसावं, असा एकूण मामला.

थापा विसरत जाणारा माणूस उभा करायचा होता, आणि भाऊ स्वतःच विसरायला लागले होते. हे फक्त वहिनींना आणि मला माहीत होतं. शूटिंग सुरू व्हायच्या आधी वहिनी माझ्याकडे आल्या. चहाला हातही लावला नाही. म्हणाल्या, "डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. ते मी घरात उच्चारत नाही. ह्यांना हा सिनेमा पुरा करायचाय. मधेच काढून टाकलं तर हे पुन्हा कशासाठीही उठून बसायचे नाहीत. तुम्ही असलात तर होईल." मी हो म्हटलं. विचार वगैरे काही केला नाही. पुरा करायचा म्हणजे करायचा.

मार्केट यार्डातले पहिले दिवस मजेत गेले. भाऊंना साधेच कपडे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तपकिरी बूट, केसांना कलप. पण त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून गाळ्याकडे नुसतं पाहिलं तरी माणसं सावध व्हायची. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. एका गाळ्यावरून आंब्यांची पेटी आमच्या गाडीत येऊन पडली. भाऊंनी ती लगेच परत पाठवली. तो व्यापारी इतका घाबरला, की घाईघाईने दोन पेट्या घेऊन आला. हे नट आहेत, सिनेमा चाललाय, असं मी परोपरीने सांगितलं. "असू द्या हो बाई," तो म्हणाला, "मागचे साहेबही आधी नकोच म्हणायचे."

मग दाराचा प्रसंग आला. इन्स्पेक्टर एका हमालाच्या खोलीवर त्याला दम द्यायला जातो. दार धडाधडा वाजवतो आणि ओरडतो, "दार उघड! नाहीतर तुझ्यासकट खोली फोडीन." मी पोत्यांच्या थप्पीमागे बसले होते. भाऊंनी दार वाजवलं. "दार उघड!" इथपर्यंत ठीक. मग हात खाली आला, आवाज उतरला आणि ते म्हणाले, "दार उघड, बाळ. मी रागावून आलेलो नाही."

हे आमच्या एका जुन्या नाटकातलं होतं. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीच्या दारात उभा राहिलेला बाप. आमच्या हौशी मंडळींनाच ते ठाऊक, इतरांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. भाऊ तिथेच अडकले, ओठ हलायला लागले, आणि मी काय करावं? सिनेमाचं वाक्य द्यायचं सोडून त्याच नाटकातलं पुढचं वाक्य दिलं. "घोटभर पाणी दे, लगेच निघतो." इतक्या वर्षांची सवय. नट जिथे थांबेल तिथून पुढे न्यायचं, एवढंच मला येतं. त्यांनी वाक्य उचललं आणि सगळं स्वगत म्हटलं, एका दमात. आतला हमाल झालेला मुलगा गोंधळून गेला. त्याने खरंच दार उघडलं आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

संपलं सगळं, असंच वाटलं. दिग्दर्शक धावत आला. "सर! मारायला आलाय आणि पाणी मागतोय! किलर! कुठून आणलंत हे?" भाऊ नुसते हसले. त्यांना प्रश्न नीट कळलाही नसावा.

परतताना आम्ही रिक्षा केली. स्वारगेटच्या सिग्नलला भाऊ म्हणाले, "माझं नाटक चुकलं, ते कळलं मला. तू का चुकलीस?"

"तुमच्या मागून आले."

"बरं केलंस," ते म्हणाले. "एकटाच गेलो असतो."

पण साउंडवाल्या मुलाने हेडफोनवर माझी कुजबूज पकडली होती. थेट ध्वनिमुद्रण होतं, त्यामुळे प्रत्येक टेकमध्ये मी. कुजबूज बंद झाली आणि रीटेक वाढले. निर्मात्याने दिग्दर्शकाला माझ्यादेखत सांगितलं, शेवटच्या प्रसंगाला असंच झालं तर दुसरा नट घ्यायचा आणि सगळं पुन्हा शूट करायचं. मला इतका संताप आला, की मी तडक दिग्दर्शकापुढे जाऊन उभी राहिले. शेवटचा प्रसंग खात्याच्या चौकशीचा होता. समोर चौकशी अधिकारी, त्याच्या बाजूला जबाब उतरवून घेणारी टायपिस्ट. "ती टायपिस्ट मी करणार," मी म्हटलं. "एक शब्द बोलणार नाही. हवी तर पाठ दाखवा माझी." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय समजलं, काय नाही, देव जाणे. पण हो म्हणाला.

बेत असा होता, की मी आवाज न करता ओठ हलवायचे आणि भाऊंनी ते वाचायचे. त्यांच्या घरी डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही सराव केला. मी ओठांनी "अधिकारी" म्हणायची, भाऊ मोठ्याने "अंगारकी" म्हणायचे. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "संसारात माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नाहीत, आता बरे शिकताय." तिघेही हसलो. मग पुन्हा पहिल्यापासून. ते दमले तरी मी सोडलं नाही, आणि त्यांनीही सोडा म्हटलं नाही.

शेवटचा प्रसंग येरवड्याला, एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये होता. टेबल, पंखा, फायली. मी टायपिंगच्या यंत्रामागे, भाऊंच्या अगदी समोर. कॅमेरा माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे. चौकशी अधिकारी झालेल्या नटाने विचारलं, "खून झाला त्या वेळी आपण कुठे होतात?"

यावर इन्स्पेक्टर एकामागून एक तीन थापा मारतो आणि तिसऱ्या थापेत पार कोलमडतो, असं संहितेत होतं. पहिली थाप भाऊंनी अशी मारली, की मलासुद्धा पटली. दुसरी त्याहून सरस. मग थांबले. मी ओठ हलवले. त्यांनी पाहिलं. मी पुन्हा हलवले, सावकाश, अक्षर न् अक्षर. पण ते ओठ वाचत नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, चुकामूक झालेला माणूस गर्दीत ओळखीचं कुणी दिसल्यावर बघतो तसं. निर्माता दारात उभा होता, आणि कट म्हणायला अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"बाई," भाऊ मला म्हणाले, "तुम्हीच सांगा ना यांना. मी कुठे होतो?"

हे संहितेत नव्हतं. कुठल्याच नाटकात नव्हतं. पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.

"इथेच होतात," मी म्हटलं. मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "माझ्यासमोर होतात, साहेब. सगळा वेळ. मी बघत होते."

भाऊंनी मान हलवली. मग खुर्चीत मागे रेलले, दोन्ही हात पोटावर ठेवले, आणि त्या बनेल इन्स्पेक्टरच्या आवाजात चौकशी अधिकाऱ्याला म्हणाले, "ऐकलंत? साक्षीदार आहे माझ्याकडे. घ्या लिहून."

लिहून घ्यायचं काम माझं होतं. मी मान खाली घातली आणि टाइप करायला लागले.