धाकट्याची भिंत

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला दादा आठ दिवस तोंड पाडून बसला होता. कारण काय, तर शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाने भिंत बांधली! आणि तीही कारकुनी करणाऱ्याने! रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणले, सांध्यावर सांधा येऊ न देता एकावर एक रचले, लोखंडी गज आरपार ठोकून जमिनीत रोवले आणि बागेची घसरणारी माती छातीइतक्या उंचीपर्यंत अडवली. कोपरासुद्धा मेल्याने काटकोनात काढला.

"अगंबाई, काय देखणी झालीय!" आई म्हणाली, आणि दुपारच्या उन्हाला बसायची खुर्ची तिने थेट भिंतीखालीच मांडून घेतली.

दादाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई आणि धाकटा राहतात ते घर कुणी बांधलं? दादानेच. तेव्हा आई काय म्हणाली? "बरं झालंय." बस्स!

रोज तो कुंपणावरून भिंतीत खोट शोधायचा. नवव्या दिवशी सापडली. धाकट्याने झाडांना भरपूर पाणी सोडलं होतं आणि मधला स्लीपर बोटभर पुढे सरकला होता. भिंतीला पोट येत होतं! मागे खडी नाही, पाणी निघायला भोक नाही. भिजलेली माती ढकलणार नाही तर काय करेल? दादा चक्क शीळ घालत घरात आला. पडू दे. कळू दे एकदा सगळ्यांना, भिंत बांधणं म्हणजे काय असतं ते.

चहाचा कप उचलला आणि खिडकीतून आई दिसली. खुर्चीत, भिंतीला पाठ करून, डोळे मिटलेले.

"आई, ऊठ तिथून!" कप टाकून तो धावत सुटला.

संध्याकाळपर्यंत दोघा भावांनी मागची माती उपसली, खालच्या ओळीला भोकं पाडली, खडी भरली, सरकलेला स्लीपर जागेवर ठोकला. बरंचसं दादानेच केलं.

"दादा होता म्हणून वाचलो गं आई," धाकटा म्हणाला.

"त्याचं कामच आहे ते," आईने भिंतीवरून हात फिरवला. "पण बाळा, तुला हे सगळं सुचलं तरी कसं?"

दादा खाली मान घालून फावडं धूत राहिला. साठी उलटली होती त्याची, पण तिथेच चिखलात बसून भोकाड पसरावंसं वाटलं त्याला.