तिसरा होकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या बाकीच्या सगळ्या लबाड्या पाठ आहेत. तुम्हाला सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो. आम्ही सात-आठ जण, कुणी पुण्यात, कुणी धुळ्यात, मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर बनवत होतो — फुकट, आणि कोड कुणालाही उघडून बघता येईल असं. मालक कुणीच नव्हता. म्हणून नवी आवृत्ती बाहेर काढायची की नाही, ते ईमेलवर मतं घेऊन ठरायचं. तीन होकार लागत. होकार देणाऱ्याने ती आधी स्वतःच्या मशीनवर चालवायची, फ्लॉपी भरत आली असताना फाइल सेव्ह करून बघायची. एवढाच नियम. अवघड होता का? मुळीच नाही.

मताचा हक्क मला नुकताच मिळाला होता. भलताच ताठ चालायचो त्या दिवसांत. त्या आवृत्तीला दोन होकार आले होते, दोन्ही मोठ्या जाणकारांचे. मुदतीचा शेवटचा दिवस. त्यांच्याखाली तिसरं नाव माझं लागावं — एवढंच डोक्यात. तपासायला तासभर लागला असता. मी लिहिलं, 'चालवून पाहिलं. माझा होकार.' मी ती उतरवूनसुद्धा घेतली नव्हती.

दोंडाईच्याला सुनंदाताई म्हणून एक शिक्षिका होत्या. त्यांचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या तोंडचे अहिराणी शब्द — अवजारांचे, गुरांच्या दुखण्यांचे, ढगांचे — ताई चिठ्ठ्यांवर टिपायच्या आणि शाळेतल्या मशीनवर आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायच्या. मग चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. आता कागद कशाला ठेवता, असं त्यांना कुणी सांगितलं होतं? मीच. आबा गेले तेव्हा ते सगळे शब्द एका भरत आलेल्या फ्लॉपीवर होते, आणि त्यांची प्रत तशाच दुसरीवर.

नवी आवृत्ती मीच त्यांना पोस्टाने पाठवली. आठवड्याने कॉलेजात त्यांचा फोन आला, सगळं गेलं म्हणून.

"भाऊ, बठ्ठं गयं. सेव्ह कयं नि फाइल कोरी. दुसरी फ्लॉपी टाकी सेव्ह कयं, तीबी कोरी." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही सोता चालाडी दखं व्हतं ना?"

"हो, स्वतः चालवून पाहिलं," मी म्हणालो.

"मंग मन्याच फ्लॉप्या खराब व्हतीन."

मी त्यांना तसंच समजू दिलं.

फोन ठेवल्यावर ती आवृत्ती मी पहिल्यांदा चालवली. भरत आलेल्या फ्लॉपीवर पहिल्याच फटक्यात फाइल कोरी. त्या दोघा जाणकारांनी काय तपासलं होतं, देव जाणे. मग तरी खरं लिहावं की नाही? छे — 'तपासताना एक दोष आढळला,' असं मोघम कळवून टाकलं. दोष दुरुस्त झाला. पुढच्या आवृत्तीच्या घोषणेत माझे आभार होते, चिकाटीने दोष शोधल्याबद्दल. त्याचा प्रिंट काढून मी स्टाफरूममध्ये फिरवला. हे लिहितानाही मला माझी किळस येते आहे.

ताई पुन्हा कामाला लागल्या. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरल्या. काही शब्द मिळाले, पण आबांचे पुष्कळसे आणखी कुणालाच ठाऊक नव्हते. मग त्यांचं पत्र आलं — चांगल्या फ्लॉप्या कोणत्या घ्याव्यात, म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही?

मी दोन पानी उत्तर लिहिलं. कोणत्या घ्याव्यात, धुळीपासून कशा जपाव्यात, उन्हात का ठेवू नयेत. सगळं सविस्तर, सुवाच्य अक्षरात.

त्यांच्या फ्लॉप्या चांगल्या होत्या.