फिरत्या कडेची टोपी

दिनकरने डब्याचं झाकण उघडलं आणि परचुरे साहेब खुर्चीत पुढे सरकले. माझं लक्ष टोपीकडे नव्हतं, डब्याकडे होतं. आत निळी मखमल होती. वैशाखात माळावर घालायच्या टोपीला मखमल! मंगळसूत्र आणावं तशी त्याने ती टोपी आणली होती. माझी टोपी वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझ्या मांडीवर होती. जळगावहून धुळ्याला एसटीने येताना तिला एका बाजूने चुण्या पडल्या होत्या.

"वा! याला म्हणतात सॅम्पल," साहेब म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "वसंत मास्तर, तुमचं?"

मी वर्तमानपत्र सोडलं. साहेबांनी आधी वर्तमानपत्रातल्या बातमीवर नजर टाकली, मग टोपीवर.

परचुरे साहेब कालव्याच्या पाहणीच्या ऑफिसचे मुख्य इंजिनिअर. शिंदखेड्याकडच्या माळावर त्यांचा सर्व्हे चालू होता. सर्व्हे म्हणजे जमीन मोजून, चढउतार टिपून पाणी कुठून नेता येईल ते ठरवणं. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा एक चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा माणूस, काम करता करता खाली पडला. वाचला, पण साहेब हादरले. पुढच्या उन्हाळ्याआधी प्रत्येक माणसाच्या डोक्यावर नीट टोपी हवी, असं त्यांनी ठरवलं.

टोप्या जगात पुष्कळ होत्या. पण गोऱ्या साहेबांची सोला हॅट, ती पांढरी, हलकी, टोपल्यासारखी, आता कोणाला नको होती. साहेब गेले, त्यांची टोपली कशाला ठेवायची? गांधी टोपी सगळ्यांकडे होती, पण तिने डोळ्यांवर सावली पडत नाही. देशभक्तीचा आणि सावलीचा संबंध ती टोपी शोधून काढणाऱ्यांनी पाहिलेला नव्हता.

आणि मुख्य अडचण पुढेच होती. सर्व्हेत थिओडोलाइट नावाचं यंत्र असतं. तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण म्हणा. तिला डोळा लावला की टोपीची पुढची कड दुर्बिणीला आपटते. कड काढावी तर ऊन, ठेवावी तर दिसत नाही. म्हणून साहेबांना कमीजास्त करता येणारी कड हवी होती. ते तिला 'ब्रिम' म्हणत. त्यांनी पूर्व खानदेशातून मला आणि पश्चिम खानदेशातून दिनकरला बोलावलं. ज्याची टोपी पास होईल त्याला सगळी ऑर्डर. शिवाय साहेब म्हणाले होते, ही टोपी चालली तर रस्त्यांची, धरणांची, सगळी खाती मागतील. म्हणजे ज्याचं नाव लागेल तो खानदेशचा टोपीवाला. दुसऱ्याने मग लेंगे शिवावेत.

तो दुसरा मी व्हायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

दिनकर आणि मी एकाच उस्तादांकडे शिवणकाम शिकलो, धुळ्यालाच. बाही कशी लावायची, कळ्या कशा काढायच्या, कापड कसं वाचवायचं, सगळं एका टेबलावर. टेबल एक, पण कौतुकाची वाटणी सारखी नव्हती. उस्ताद म्हणायचे, "दिनकर के हाथ में मिठास है, वसंत के हाथ में हिसाब." गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. गिऱ्हाईक मग मिठास असलेल्या हाताकडे कापड द्यायचं, आणि हिसाबवाला काजं करत बसायचा. मी जळगावला दुकान काढलं त्याचं कारण लोकांना मी व्यापार सांगतो. खरं कारण असं की जळगावला दिनकर नव्हता.

त्या दिवशी साहेबांनी दोन्ही टोप्या घेतल्या आणि म्हणाले, "टेबलावर सगळ्याच टोप्या छान दिसतात. दोन्ही पद्धतीच्या थोड्या थोड्या शिवून द्या. साइटवर माणसं घालतील. मग बघू."

जिन्यावर दिनकर म्हणाला, "चहा घेणार?"

"एसटी आहे," मी म्हणालो. एसटीला अजून वेळ होता.

"मखमल जास्त झाली का रे?"

"छे. टोपीपेक्षा तीच बरी दिसत होती."

तो हसला. त्याला माझ्या बोलण्याचा राग येत नाही. हाही त्याचा एक दोषच.

आता दोन्ही टोप्यांची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दिनकरची कड सगळीकडून सारखी, गोल. पुढे दुर्बीण आली की कड वर दुमडायची आणि टोपीवरच्या बटणात अडकवायची. दिसायला फारच रुबाबदार. पण दुमडली की सावली गेली. शिवाय आत बक्रम घातलेलं. बक्रम म्हणजे खळ दिलेलं जाड कापड, ज्याने कड ताठ राहते. घामाने खळ मऊ पडते, आणि मग कड भिजलेल्या पापडासारखी लोंबते. दिनकरला हे ठाऊक नसेल असं नाही. पण टेबलावर घाम येत नाही, आणि दिनकर टेबलासाठी शिवतो.

वर त्याने टोपीचं डोकं ठेवलं उंच, फुगीर. चांदवा, म्हणजे टोपीचा माथ्यावरचा गोल तुकडा, डोक्यापासून चांगला वर. आत नुसती पोकळी. मी मनात म्हटलं, जसा मालक तशी टोपी.

माझी टोपी डोक्याला नेमकी बसणारी. वाया कापड नाही. कडेसाठी मी बरेच दिवस घालवले. आधी नाडी लावून पाहिली. ती सोडायला दोन हात लागतात, आणि सर्व्हेच्या माणसाचे दोन्ही हात यंत्रावर असतात. मग हुक लावले, ते केसांत अडकले. शेवटी जात्याकडे बघून सुचलं. कड टोपीला शिवायचीच नाही. तिचं वेगळं कडं करायचं, अर्ध्या भागात रुंद, अर्ध्यात नुसती पट्टी. टोपीच्या घेरावर दोरी भरून दोन वरंबे शिवायचे आणि त्यांच्यामधल्या खाचेत हे कडं बसवायचं. सकाळी ऊन डावीकडून आलं, कड डावीकडे ढकला. दुर्बिणीला डोळा लावायचा, कड ऊन असेल त्या बाजूला ढकला, सावली राहते आणि पुढे आडवं काही येत नाही. एका तळहाताचं काम. बक्रम नाही. कापडाचे थर एकावर एक ठेवून जवळजवळ शिलाई मारली, म्हणजे गोधडीसारखी कड आपोआप ताठ.

पहिलं कडं घट्ट झालं, फिरेना. दुसरं सैल झालं, दुकानाच्या दारातच वाऱ्याने उडून समोरच्या भजीवाल्याच्या कढईजवळ पडलं. पट्टीच्या भागात इलॅस्टिक घातलं तेव्हा जमलं. मी ते रात्री जेवताना डोक्यावर ठेवून फिरवत होतो. बायको म्हणाली, "कड फिरतेय ते ठीक, डोकं फिरू देऊ नका."

चैत्र संपता संपता साहेबांनी दोघांना साइटवर बोलावलं. मी गेलो. उघडा माळ, मधे तीन पायांचं यंत्र, लांबवर झेंडे धरलेली माणसं. वारा असा की बोललेलं दुसऱ्यालाच ऐकू जावं. दिनकर पांढऱ्या शर्टात आला होता. त्याला तिथेही धूळ बसत नव्हती.

परीक्षा पाहण्यासारखी झाली. ओव्हरसिअरने दिनकरची टोपी घातली, कड दुमडून बटणात अडकवली, दुर्बिणीला डोळा लावला. ऊन थेट कपाळावर. त्याने डोळे बारीक केले, हाताने सावली केली, आणि हात दुर्बिणीला लागून यंत्र हललं. पुन्हा पहिल्यापासून. मग वाऱ्याने बटण सुटलं आणि कड डोळ्यांवर पडली. मग त्याने माझी टोपी घातली. कड उन्हाच्या बाजूला ढकलली, डोळा लावला, आकडा वाचला, कड पुढे आणली. साहेबांनी स्वतः घालून पाहिली. दोनदा फिरवली. मग उगाच आणखी एकदा फिरवली.

"सुंदर," ते म्हणाले. "मास्तर, ही खरी कल्पना."

मी दिनकरकडे पाहिलं. तो माझ्या कडेची शिलाई बोटाने तपासत होता. "फार छान रे वसंता," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मला तो टोमणा असता तर जास्त आवडलं असतं.

परतताना मी एसटीत बसून ऑर्डरसाठी किती मशिनं लागतील ते मोजलं नाही, पण दुकानाची पाटी मोठी करायची हे ठरवलं.

पंधरवड्यानंतर साहेबांचा निरोप आला, या. पाटीचा रंग ठरवत मी साइटवर पोचलो. पाहतो तर सगळ्या चेनमन लोकांच्या डोक्यावर दिनकरच्या उंच, फुगीर टोप्या. बऱ्याच जणांच्या कडा लोंबलेल्या, मी म्हटलं होतं तशाच. माझ्या टोप्या तंबूच्या दोरीला ओळीने टांगलेल्या, धुतलेल्या फडक्यांसारख्या. फक्त ओव्हरसिअरच्या डोक्यावर माझी होती.

हिरामण आबा हे चेनमन लोकांचे मुकादम. वयस्कर, शिंदखेड्याचेच. मी त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, माझी टोपी टोचते का?"

"नही ना मास्तर. तुमनी टोपी चांगली शे."

"घट्ट होते?"

"नही."

"मग टांगून का ठेवलीय?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परमुलखातला आहे. "कांदा कोठे ठेवाना?"

"काय?"

"कांदा! कांदा नही ऱ्हायना तं ऊन लागी जाई. त्या धुळाना मास्तरनी टोपीमा कांदा बराबर बसस."

आणि त्यांनी टोपी काढून दाखवली. चांदव्याखाली, त्या मी नावं ठेवलेल्या पोकळीत, एक सोललेला कांदा आरामात बसला होता. आबांनी टोपी परत घातली, कांद्यासकट.

आता खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडणारा माणूस जवळ कांदा ठेवतो. कांदा ऊन ओढून घेतो, अशी समजूत. डॉक्टर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आबांनाही ठाऊक असावं. पण उन्हात डॉक्टर येत नाहीत. आणि चेनमनला कांदा खिशात ठेवता येत नाही, कारण तो दिवसभर वाकून खुंट्या ठोकतो. कांदा घरंगळतो. म्हणून टोपीत.

मला राग कशाचा आला सांगू? त्या क्षणी माझ्या कोटाच्या खिशात कांदा होता. निघताना बायकोने घातलेला. मी जन्मापासून खानदेशातला, खिशात कांदा घेऊन त्या माळावर उभा होतो आणि टोपी मात्र नुसत्या डोक्यासाठी बेतली होती.

दिनकर तंबूच्या सावलीत बसला होता. मी सरळ विचारलं, "दिनकर, डोकं उंच ठेवलंस ते कांद्यासाठी?"

त्याने सरकून मला सावलीत जागा करून दिली. मग हसला. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुझा बेत चुकला होता."

"असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला.

आजही मला माहीत नाही. त्याने जाणून उंच ठेवलं असेल तर तो माझ्यापेक्षा हुशार आहे. आणि चुकून ठेवलं असेल तर त्याच्या चुकासुद्धा माझ्या हिशेबापेक्षा बऱ्या आहेत. यातलं काय जास्त वाईट, हे मी पुष्कळ वर्षं ठरवतोय.

साहेबांनी आम्हाला धुळ्याच्या ऑफिसात बसवलं आणि निकाल दिला. "डोकं दिनकर मास्तरांचं, ब्रिम वसंत मास्तरांची. ऑर्डर निम्मी निम्मी. कडा जळगावला शिवा, पार्सलने इथे पाठवा. टोपी धुळ्यात जोडली जाईल. ऑफिस इथेच आहे, तपासायला सोपं."

न्याय्य निकाल होता. मला न्याय नको होता, पण नाही कसं म्हणणार? मी होकार दिला.

मग दिनकरने सहज विचारलं, "साहेब, लेबल?"

शिवलेल्या मालावर शिवणाऱ्याचं नाव असलेली कापडी चिठ्ठी लावतात, ते लेबल. टोपीचं लेबल नेहमी आत, चांदव्याच्या खाली लावतात. म्हणजे दिनकरच्या भागात.

"माझं कडेच्या खालच्या बाजूला लावतो," मी घाईने म्हणालो.

"पुढे? डोळ्यांसमोर?" साहेब म्हणाले. "मास्तर, माझ्या माणसांनी दुर्बिणीतून माळ बघायचा की तुमचं नाव वाचायचं?"

"मग वरच्या बाजूला?"

"टोपी आहे ती. दुकानाची पाटी नाही."

दिनकर म्हणाला, "साहेब, माझ्या लेबलावर दोघांची नावं घालतो." ते मला आणखीनच सहन झालं नाही. त्याच्या लेबलावर माझं नाव, तेही त्याच्या मेहेरबानीने! मी म्हणालो, "नको, राहू दे." एवढं एकच मी त्या सबंध प्रकरणात झटकन ठरवलं.

टोपी चालली. त्या उन्हाळ्यात साइटवर कोणी पडलं नाही. श्रेय कडेचं की कांद्याचं, यावर ऑफिसात वाद झाले. पुढे रस्त्याच्या खात्यानेही मागवली. मी कडांची पार्सलं धुळ्याला पाठवत राहिलो.

दोन-तीन उन्हाळे गेल्यावर रावेरकडचे एक केळीवाले बागायतदार माझ्या दुकानात आले. हातात आमचीच टोपी, मळलेली, कड अजून ताठ. त्यांनी ती उलटी करून आतलं लेबल मला दाखवलं.

"मास्तर, धुळ्याची टोपी आहे ही," ते म्हणाले. "ही कड बघा कशी फिरते. फार डोकेबाज माणूस असणार. तुम्हाला जमेल का अशी?"

मी कड फिरवून पाहिली. इलॅस्टिक जरासं ढिलं झालं होतं.

"प्रयत्न करतो," मी म्हणालो, आणि त्यांच्या डोक्याचं माप घेतलं. वर कांद्यापुरती जागा धरून.

या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवी वस्तू काढायची असेल तर जरूर काढा. पण कागदावर पहिली रेघ मारण्याआधी तिचं लेबल कुठे बसणार ते पाहा, आणि तो भाग दुसऱ्याला देऊ नका.