सालईचा डिंक आणि आईचे गुडघे

सालईच्या झाडाचा डिंक एकदा हाताला लागला की साबणाला दाद देत नाही. चौक गावाच्या पुढे, खालापूरच्या बाजूला एका छोट्या प्रयोगशाळेत मी या डिंकातून सूज उतरवणारं द्रव्य वेगळं काढायच्या कामावर आहे. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात डिंक स्पिरिटात विरघळवायचा, गाळायचा, पुढे आम्ल घालून पांढरी भुकटी खाली बसायची वाट बघायची आणि ती बसली नाही की साहेबांची बोलणी खायची. संध्याकाळी भिसेगावात घरी पोचतो तेव्हा अंगाला धुपासारखा वास येत असतो. शेजारी मला भलताच देवभोळा समजतात.

एकदा मात्र भुकटी झकास पडली. उंदरांच्या सुजलेल्या पायांवर गुणही दिसला. झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे गुडघे आईचे होते, एवढाच फरक. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी जाहीर केलं, "आई, तुझे गुडघे आता बरे झालेच म्हणून समज."

उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती लांब असते, ते मी बोललो नाही. बोललो असतो तर माझा रुबाब काय राहिला असता?

त्यानंतर आई दुखण्याचं नाव काढेनाशी झाली. मला वाटलं, आराम पडलाय. सूज ओळखायचा पगार घेणारा मी! ती भिंत धरून मोरीपर्यंत जायची आणि मी तिच्यासमोर बसून बायकोला उंदरांच्या पायांची मापं ऐकवायचो. शेवटी एका सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. रिक्षा करून कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघे टम्म फुगले होते.

"आजी, मागे गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्या नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय घेतल्या."

"का?"

आमच्या गावाकडे घरचं भात शेतात पिकलेलं असताना वाण्याकडून तांदूळ आणणाऱ्या बाईला नावं ठेवतात. त्या दिवसांत आई कण्या शिजवायची, पण दुकानाची पायरी चढायची नाही.

"माजा लेक औषद करतोय," ती म्हणाली. "घरचं येणार हाय, मंग बाजारचं कशाला खाऊ?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कधीपर्यंत येईल तुमचं?"

त्यांनी साधेपणानेच विचारलं होतं. आईही उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला लाज वाटली, आणि तिची मायाही आली.

"आई, अजून खूप वर्षं लागतील गं," मी म्हणालो. "कदाचित येणारही नाही."

तिने डॉक्टरांपुढे हात केला.

"द्या त्या गोळ्या. याचं येईस्तवर मला हिंडती-फिरती राहाया लागंल."