संकष्टीच्या दिवशी अठरा किलोमीटर

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी बायकोच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी तिने धावायला घेतलं तेव्हा मी भरपूर थट्टा केली. आता तिला एकदा तरी एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी करायची होती, आणि मी स्कूटरवर पाणी नि केळी घेऊन तिच्या मागे फिरत होतो.

शर्यतीआधीचा शेवटचा मोठा सराव होता, अठरा किलोमीटर. रविवारी सकाळी पाहुणे टपकले, म्हणून तो संध्याकाळवर गेला. त्यात संकष्टी. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे हिला लागू नाही. चंद्र दिसेपर्यंत हिचा फक्त चहा.

बदलापूर गाव मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला ती छान धावत होती. चौदाव्या किलोमीटरला पावलं जड पडायला लागली आणि ती कडेच्या दगडावर बसली.

"माझ्याने नाही होणार. वय झालं हो. नाव काढून टाका माझं." तिचे डोळे भरले होते.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. आनंदनगरच्या कारखान्यात मी बॉयलर सांभाळतो. इंधन संपल्यावर काय होतं ते मला कळतं. पोळी-भातातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठून राहते. लांब धावताना भर तिच्यावरच असतो. ती संपत आली की चरबी उरतेच, पण ती सावकाश जळते, तेवढ्यावर वेग टिकत नाही. यात वयाचा काय दोष?

मी केळं सोलून पुढे धरलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"अगं, देव काय पाळत ठेवून बसलाय?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या छातीत दुखलं होतं ना, तेव्हापासून हा उपास धरलाय. तुमच्यासाठी."

चार वर्षं मी समजत होतो की हिला उपासाची हौसच आहे. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"माझ्यासाठी ना? मग माझंच ऐक. तुला शर्यत पुरी करताना बघायचंय मला."

तिने डोळे मिटून हात जोडले आणि केळं खाल्लं. थोड्या वेळाने दुसरंही. पंधरा मिनिटांनी उठली, आधी चालली, मग हळूहळू धावायला लागली. उरलेले चारही किलोमीटर तिने पुरे केले. थांबल्यावर धाप लागलेली असतानाच तिने विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत ना?"

पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेली होती. घरी गेल्यावर आधी ती घेतली, तिच्यासमोर.