कालव्याच्या फाट्यावरचा हॉल्ट

गाडी फाट्यावर थांबली नाही, तेव्हा मागच्या सीटवरून एक बाई उठून उभी राहिली. बाकीच्या एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या होत्या.

"तात्या, फाटा गेला की."

"तितं आता हॉल्ट न्हाय, बाई. थेट गावात," ड्रायव्हर तात्या म्हणाले.

ती खाली बसली आणि काचेला तळहात लावून मागे बघत राहिली. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ उन्हात तरंगत होती. त्या धुळीत, कालव्याच्या कठड्यावर, गणवेशातली एक मुलगी बसली होती. ती कोण, हे गाडीत तिच्या आईशिवाय फक्त मलाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

माझं काम ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगचं. लोकांना कसा प्रवास हवा ते विचारायचं आणि त्याप्रमाणे गाड्या जुळवायच्या. बारामती एमआयडीसीतून इंदापूरच्या बाजूला जाणाऱ्या कामगार बायका तेव्हा कंपनीच्या बसने फाट्यापर्यंत यायच्या. तिथून गावी वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. आम्हाला एका पासवर सगळा प्रवास बसवायचा होता. आमच्या भाषेत गाडी बदलण्याला इंटरचेंज म्हणतात, आणि इंटरचेंज कुणालाच आवडत नाही, असं आम्ही शिकलेलो असतो.

त्यासाठी प्रेफरन्स सर्व्हे केला. प्रत्येकीपुढे दोन कार्डं ठेवायची. एकात गाडी बदलायची पण भाडं कमी, दुसऱ्यात थेट गाडी पण भाडं थोडं जास्त. कॅंटीनमध्ये बायका पटापट थेट गाडीवर बोट ठेवत होत्या. रेखाताईंनी (हे नाव खरं नाही) उलटं केलं.

"बदलायचीच बरी हाय."

"भाडं सारखंच ठेवलं तर?"

"तरीबी."

"अहो, फाट्यावर किती ताटकळावं लागतं."

"तेवढंच तर मिळतं," त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "माझी पोरगी येती तितं. पयल्या घरची. माझ्या आईकडं असती. दुसरं लगीन ठरलं तवाच सासरच्यांनी सांगितलं, पोरीशी संबंध ठेवायचा न्हाय. ती शाळंतनं येती, वडापची वाट बघती. मीबी बघती. कुणाला काय कळत न्हाय. साहेब, ह्ये लिवू नका."

मी लिहिलं नाही. पण संध्याकाळी फाट्यावर जाऊन आलो. लिंबाखाली रेखाताई मुलीच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होत्या. शाळा तर सुटली होती, आता वेणी कुणाला दाखवायची होती? कालव्याचं पाणी चालल्याचं कळू नये इतकं हळू चाललं होतं. कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. जीप दोनदा भरून गेली, तरी त्या उठल्या नाहीत. मी बराच वेळ तिथे का थांबलो, ते मलाही सांगता येणार नाही.

ऑफिसात परत आल्यावर मी त्यांचं उत्तर गाळलं. पैसे तेवढेच असताना कुणी गैरसोय मागितली, तर त्याला अतार्किक उत्तर म्हणायचं आणि हिशेबातून काढायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी स्वतःला सांगितलं, त्यांचं गुपित राखतोय. खरं म्हणजे मला आकडे स्वच्छ हवे होते. मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख कुलकर्णी मॅडमनी विचारलं, "फाट्यावर कुणाला उतरायचंय का?" मी म्हणालो, "कुणालाच नाही."

थेट गाडी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी ती काचेवरची हाताची खूण पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो नाही. फाट्यावर जाऊन थांबलो. मुलगी कठड्यावर होती. एक वेणी सुटलेली, रिबन मुठीत.

"काका, कंपनीची गाडी बंद पडली का?"

"नाही. आता इथे थांबत नाही."

"उद्या?"

मी तिथून थेट मॅडमकडे गेलो.

"हॉल्ट परत हवा," मी म्हणालो. "मी एक उत्तर गाळलं होतं."

"एक? एका उत्तरासाठी पूर्ण गाडी थांबवायची? कारण काय?"

"सांगता येणार नाही."

"मग वर काय कळवू?"

"प्लॅनरची चूक म्हणून कळवा."

"ते कळवीनच. पण वेळ त्या बायकांचा जाणार आहे. त्यांना विचारा. एकीचीही हरकत असली तर विषय संपला."

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी मी दारात उभा राहून विचारलं, फाट्यावर थोडा वेळ थांबलं तर चालेल का. कारण सांगितलं नाही. रेखाताई खिडकीबाहेर बघत होत्या. दोघी-तिघींनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं.

पुढे बसलेल्या शांताबाई डबा पिशवीत कोंबत म्हणाल्या, "थांबू द्या की. वेणी घालून हुईस्तोवर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बघताय काय? आमाला सगळ्यास्नी ठावं हाय. रोज एकाच लिंबाखाली बसतोय न्हवं?"

"मग कार्डावर थेट गाडी का सांगितलीत?"

"तुमी इचारलं, तुमाला काय पायजे. आमाला घरी जायाचं हुतं. तिला काय पायजे त्ये तुमी तिला इचारलं हुतं. आमाला वाटलं, शिकल्याला माणूस हाय, बघंल त्यो."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, घ्या गाडी. न्हायतर पोरगी जाईल जीपमदी बसून."

गाडीत हसू फुटलं. रेखाताईंनी पदर तोंडाला लावला. फाटा येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

पुढच्या टप्प्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. मुलगी आता बारामतीत वसतिगृहावर राहून शिकते, आई तिला उघड भेटते. "आता लिवा," असं रेखाताईच म्हणाल्या, म्हणून हे लिहिलं. घरीही मी हे कधी बोललो नव्हतो.

हॉल्ट मात्र राहिला आहे. बायका उतरतात, पाय मोकळे करतात, कालव्याकडे बघत बसतात आणि पुन्हा गाडीत येऊन झोपतात. वेळापत्रकात हॉल्टला कारण द्यावं लागतं. मी 'इंजिन थंड करणे' असं लिहिलं होतं. मागच्या वर्षी तिथे बॅटरीवरच्या गाड्या आल्या, तरी तो रकाना कुणी बदललेला नाही. मीही आठवण करून दिलेली नाही. अतार्किक उत्तर आलं की आता मी ते गाळण्याआधी ज्याचं उत्तर त्याच्या थांब्यावर एक संध्याकाळ बसून येतो. त्याचा प्रवासभत्ता मिळत नाही.